चि. प्रसादास, त्या काडीबद्दल

येळ्ळूर,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चि. प्रसाद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू सुखरूप पोचलास हे आईकडून कळलं. बस कराडच्या पुढं ढाब्यावर दोन तास पडून होती, हेही तिच्याकडूनच. मला तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. दोघंही आजोबांवर गेलोय, दुसरं काय.

पाटलांचा भाचा परवा पुण्याला निघालाय. त्याच्याबरोबर कुंद्याचा डबा, तुपाची बरणी आणि हे पत्र देतोय. मोबाईलवर एवढं लिहायला माझा अंगठा चालत नाही. आईनं पत्र लिहायला परवानगी दिली ती एका अटीवर, प्रेसच्या बटणात ठोकलेल्या त्या काडीचा विषय काढायचा नाही. मी कबूल केलंय.

तेव्हा आधी बाकीचं. वरच्या वावरात भात पोटरीला आलंय. पाऊस बरा आहे, अजून दोन सरी हव्यात. तिसऱ्या गेटाकडचा रस्ता पुन्हा उकरून ठेवलाय, उद्यमबागेत जाणारी पोरं शिव्या देत मोटारसायकली ढकलतात. आजी तुझा हेल्मेटमधला फोटो येईल त्याला दाखवते. काल गॅसवाल्याला दाखवला. ‘आमचा नातू चाकणला मोठ्या कंपनीत मशीन चालवतो’ म्हणाली. मी आत होतो, ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. चार महिन्यांत तुला स्वतंत्र प्रेस दिली म्हणजे फोरमनला तुझ्या हातात काहीतरी दिसलं असणार. मला प्रेस मिळायला अडीच वर्षं लागली होती. तोवर डाय म्हणजे प्रेसचे साचे पुसणं, पत्र्याच्या पट्ट्या उचलणं, साचे बसवणाऱ्या सेटरच्या शिव्या खाणं, एवढंच काम.

त्या रात्री पंगतीत तुझा हात धरला ते चुकलं. जेवत्या पोराचा हात धरू नये, आणि आत्यासमोर तर धरूच नये. तुझ्या बोटाला आमटी होती, मी मनगट आवळलं, सगळे गप्प झाले. पप्पूचं हसू तोंडातच राहिलं. आईनं भाताची वाटी तशीच हातात धरलेली. मला अजून ती वाटी दिसते.

पण तू काय म्हणालास ते तुला तरी आठवतं का? आधी म्हणालास, ‘एका बटणात आगपेटीची काडी ठोकली की झालं, एक हात मोकळा, तासाला शंभर-दीडशे पीस जादा.’ ते म्हणालास पप्पूला, फुशारकीनं. ते मी गिळलं असतं. मी ओरडल्यावर मला काय म्हणालास? ‘बाबा, तुम्ही तीस वर्षं प्रेसवर काढलीत, तुमची दहाच्या दहा बोटं आहेत की.’

आहेत. खरं आहे. हे वाक्य घेऊन मी तेरा दिवस फिरतोय. गणपती बसलेले असताना, आरती म्हणताना, टाळ वाजवताना मी माझीच बोटं बघत होतो.

बघ, आला विषय. आता आलाच आहे तर सेटर म्हणून एकदाच बोलतो, बाप म्हणून नाही. दोन हातांची बटणं कशासाठी असतात हे तुला आयटीआयमध्ये शिकवलंय. दोन्ही हात बटणांवर असले तर डायमध्ये हात असूच शकत नाही, एवढी साधी गोष्ट. पण माझ्या डोक्यात वेगळंच आलं. बऱ्या बनावटीच्या प्रेसला दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबावी लागतात, आणि स्ट्रोक झाला की दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक पडतच नाही. म्हणजे एक बटण काडीनं दाबून ठेवलं तर ती मशीन बंदच पडायला पाहिजे. तुझी चालते. मग ती सोय, तिला अँटी-टायडाऊन म्हणतात, तुमच्या मशीनला मुळात नाही, नाहीतर तुझ्या आधी कोणीतरी पॅनलमध्ये हात घालून ती मारून ठेवलीय. तू काडी घालायच्या आधीच त्या मशीनचा एक डोळा गेलेला आहे. हे तू पाहिलंस का? मेंटेनन्सवाल्याला विचारलंस का? मी तिथं असतो तर पहिल्या दिवशी पॅनल उघडायला लावलं असतं.

आणि क्लच कुठला आहे? जुन्या चावीच्या क्लचची असेल तर मला झोप लागणार नाही. ती चावी एकदा बसली की रॅम, वरून आदळणारा तो भाग, पूर्ण फेरा मारूनच थांबतो. मध्ये हात आला, बटण सोडलं, ओरडलास, लाल बटण दाबलंस, तरी ती खाली येणारच. तिच्यापुढं लाईट कर्टन, हात आडवा आला की मशीन थांबवणारा उजेडाचा पडदा, लावून उपयोग नाही, कारण मधेच थांबणं तिला माहीतच नाही. एअर क्लच असेल तर गोष्ट वेगळी, तो मधेच थांबू शकतो. पण तिथंसुद्धा मोटार बंद केल्यावर फ्लायव्हीलचं जड चाक किती वेळ फिरतं ते एकदा घड्याळ लावून बघ. आमच्या एका पोरानं मेन स्विच पाडला आणि लगेच हात घातला. मशीन बंद होती, फ्लायव्हील नव्हतं. त्याचं नशीब, नुसती नखं गेली.

झालं, व्याख्यान झालं. आई म्हणते ते खरं आहे, मला बोलायला दिलं की मी सेफ्टी कमिटीची मीटिंग करतो. माफ कर.

दर 4 मार्चला आमच्याकडे ती शपथ व्हायची. राष्ट्रीय सुरक्षा परिषद 1966 साली त्या तारखेला स्थापन झाली म्हणून तो सुरक्षा दिवस. छातीला हिरवा बिल्ला टाचायचा, हात पुढं करून शपथ घ्यायची, बुंदीचा लाडू आणि चहा. गेटवर मोठ्या अक्षरात पाटी होती, ‘सुरक्षते मोदलु’. सुरक्षा आधी. तिच्याखाली इंग्लिश. मला कन्नड वाचता यायचं, पण चंदगडकडून आलेल्या पोरांना ना हे वाचता यायचं ना ते. तुमच्याकडे आता मराठी पाटीखाली बिहार-ओडिशाची पोरं उभी असतील. त्यांना कोणी हिंदीत समजावून सांगतं का रे? तुझ्या बाजूच्या प्रेसवर कोण आहे? त्यानं तुझी काडी बघितली असेल. तो तुझ्यापेक्षा नवा असेल तर त्याला वाटणार, प्रेस अशीच चालवायची असते.

हे मी माहितीवर सांगतोय. कसं, ते आता लिहितो. चार वेळा लिहून फाडलंय.

बसूमामा तुला लहानपणापासून माहीत आहे तो डाव्या हाताला अंगठा आणि तर्जनी एवढंच घेऊन. तू विचारायचास, ‘मामा, तुमची बोटं कुठं गेली?’ आणि तो म्हणायचा, ‘उंदरानं नेली, तू झोपलास की तुझीपण नेतो.’ तू मोठा झाल्यावर मी तुला सांगितलं, मशीन बिघडली, डबल स्ट्रोक पडला. ते खोटं होतं. मशीनला काही झालं नव्हतं.

1999 साल. तुझा जन्म व्हायचा होता. गणपती झाले होते, दसरा पुढं होता, आणि ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटची मोठी ऑर्डर दसऱ्याच्या आत पाठवायची होती. बसू माझ्या लाईनला, तीन नंबरच्या प्रेसवर. मी सेटर. फोरमन येऊन म्हणाला, ‘पीस वाढत नाहीत, बघ की काहीतरी.’ एवढंच. बटण बांध असं तो म्हणाला नाही. असं कोणीच कधी म्हणत नाही, हे लक्षात ठेव. ‘बघ की काहीतरी’ म्हणतात.

मी बघितलं. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापली आणि डावीकडचं बटण आवळून टाकलं. माझ्या हातानं. बसू हसला. ‘छलो आतु’ म्हणाला, बरं झालं. आता त्याचा डावा हात पीस उचलायला मोकळा. पहिल्या दिवशीच पीस वाढले. फोरमननं माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप आवडली होती, हे पण लिहितो, म्हणजे काही राहायला नको.

ती पट्टी अकरा दिवस टिकली. अकरा दिवस काही म्हणजे काही झालं नाही. रोजचे हजारो स्ट्रोक. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत मी त्या पट्टीकडे बघायचो. नंतर ती दिसेनाशी झाली, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी. तुझी काडी पण आता तुला दिसत नसेल.

खंडेनवमीच्या तीन दिवस आधी, दुसऱ्या पाळीत, रात्री साडेनऊच्या सुमाराला. मी टूलरूमच्या दारात ग्राइंडरवर पंचाची धार लावत होतो. प्रेसला एक ताल असतो, तुला आता कळत असेल. धप, पत्र्याची पट्टी सरकते, धप, पट्टी सरकते. लोक म्हणतात अपघातात मोठा आवाज होतो. तसं काही नसतं. ताल चुकला नाही. पुढची धप वेळेवर पडली, आधीच्यासारखीच. मग पट्टी सरकल्याचा आवाज आला नाही. त्या न आलेल्या आवाजानं मी मागं वळलो.

बसू उभाच होता. रॅम वर गेलेला. पीस डायला चिकटला म्हणून डाव्या हातानं तो काढायला गेला, आणि उजवा हात सवयीनं बटणावर पडला. चिमटा बाजूलाच टांगलेला होता, रिकामा. तो हाताकडे बघत मला म्हणाला, ‘एनातु?’ काय झालं, असं मलाच विचारत होता. मी ‘बंद माडो, बंद माडो’ म्हणून ओरडत मोटार बंद केली, जणू आता त्याचा काही उपयोग होता. कोणीतरी पांढऱ्या बनियनच्या चिंध्यांचं वेस्ट आणलं, गठ्ठाच्या गठ्ठा, आणि ते गुंडाळता गुंडाळता लाल होत गेलं. तेलाचा वास होता. पट्टीवर ब्रॅकेटची भोकं ओळीनं पडलेली, एकसारखी, शेवटच्या भोकापर्यंत.

त्याला जीपमध्ये घातलं. सगळे म्हणाले, तू जा बरोबर, तुझा माणूस आहे. मी गेलो नाही. मी म्हणालो, डाय बघायला पाहिजे. जीप गेटबाहेर पडल्यावर मी तीन नंबरपाशी गेलो, हॅकसॉच्या पात्यानं ती रबराची पट्टी कापली आणि खिशात घातली.

प्रसाद, हे तुझ्या आईला माहीत नाही. आजीला नाही. तुला लिहितोय.

चौकशी झाली. दोन्ही बटणं जागच्या जागी, चालू स्थितीत. मशीनमध्ये दोष नाही. कामगाराचा निष्काळजीपणा. खाली सेटरची सही. 1948 च्या कारखाना कायद्यात मालकासाठी कलम 21 होतं, फिरत्या भागांना कुंपण घालायचं. कामगारासाठी 111 होतं, सुरक्षेसाठी बसवलेल्या साधनाशी मुद्दाम छेडछाड करायची नाही. आता ते सगळं नव्या संहितेत घातलंय म्हणे. आमच्या वेळी चौकशीत 111 लगेच आठवायचं आणि 21 उशिरा. पण 111 खरं तर कोणाला लागू होतं? बसूला नाही. मला. मी सही करून घरी आलो आणि जेवलो.

तीन दिवसांनी खंडेनवमी. मशीनी धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू लावलं. दारात कोहळा फोडला. तीन नंबरला सगळ्यात मोठी माळ घातली होती, कोणी घातली माहीत नाही. आरतीचं ताट माझ्या हातात दिलं कारण त्या लाईनचा सेटर मी. मी ओवाळलं. तेव्हापासून मी खंडेनवमीला विळा-कोयत्याची पूजा करतो पण आरती तुझ्या आईला करायला लावतो. तू एकदा विचारलं होतंस का म्हणून, मी खांदा दुखतो म्हणालो.

त्याचे कागद मीच भरले, त्याला लिहिता येत नव्हतं म्हणून नव्हे, माझ्यानं बसवेना म्हणून. तेव्हा ते नुकसानभरपाईचं कोष्टक पाठ झालं, अजून जात नाही. करंगळी किंवा अनामिका पूर्ण गेली तर कमावण्याची ताकद 7 टक्क्यांनी घटली असं धरायचं. मधलं बोट 12. तर्जनी 14. अंगठा 30. एका हाताची तीन बोटं, 30. चारही, 50. कोणीतरी टेबलापाशी बसून हे ठरवलं, आणि कुठंतरी ठरवायलाच लागणार, मी नावं ठेवत नाही. बरं होऊन येईपर्यंत ईएसआयनं, म्हणजे कामगार विम्यानं, पगाराच्या हिशेबानं पैसे दिले, पुढं महिन्याची रक्कम बसली. ईएसआय नसतं तर त्याचं घर बसलं असतं. म्हणून विचारतो, तू ठेकेदाराच्या हजेरीवर आहेस ना, तुझा ईएसआयचा नंबर आला का? ‘येईल’ म्हणतात ते ऐकू नकोस. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते का बघ, आणि नंबर आईला पाठव, ती देव्हाऱ्यातल्या वहीत लिहून ठेवेल.

पण म्हशीसाठी कोष्टकात रकाना नव्हता. बसूच्या बैलहोंगलच्या घरी एक म्हैस होती, तिचं दूध तो आणि त्याची आई काढायचे. आई थकलेली. धार काढायला अख्खी मूठ लागते. एका हातानं तिला ते पटेना, पान्हा सोडेना, लाथ घालायची. दिवाळीनंतर विकली. त्याला फाटकावर घेतला कंपनीनं, गाड्यांचे नंबर लिहायला. तो आमच्या घरी संक्रांतीला येतच राहिला. तुझ्या आईनं त्याला भाऊ मानलंय ते तेव्हापासून नव्हे, आधीपासून. 1986 साली कन्नडसक्तीवरून गाव पेटलं होतं, तेव्हा याच बसूनं मला स्वतःच्या सायकलवर बसवून आतल्या रस्त्यानं येळ्ळूरपर्यंत आणून सोडलं होतं. मी त्याचा डबा खायचो, तो माझा. त्याची जोंधळ्याची भाकरी आणि शेंगाचटणी, माझा भात. असा माणूस.

त्यानं मला कधीच विचारलं नाही. पंधरा-सोळा वर्षांनी, तू पतंग उडवत होतास गच्चीवर, आम्ही दोघं खाली बसलो होतो. तीळगूळ तोंडात टाकत तो सहज म्हणाला, ‘रबर भारी होतं रे तुझं. तुटलं नाही शेवटपर्यंत.’ आणि हसला. मी काही बोललो नाही. तोही पुढं बोलला नाही. वरून तू ओरडलास, मामा, ढील द्या, आणि तो उठून गेला. त्या दोन बोटांत मांजा धरून तो कसा ढील द्यायचा, आठवतं तुला?

तर माझी दहाच्या दहा बोटं आहेत ती अशी आहेत.

तुझ्यावर ओरडलो तेव्हा तुझा राग आला नव्हता. हे तुला सांगितल्याशिवाय तुला कसं कळणार? तुला वाटलं म्हातारा पोरांसमोर अब्रू घालवतोय.

आता दोन-चार किरकोळ गोष्टी, रागावू नकोस. काकांनी दिलेली अंगठी वर्कशॉपमध्ये घालू नकोस, लॉकरमध्ये ठेव. अंगठी अडकली की बोटाची कातडी मोज्यासारखी निघते, मी एकदाच पाहिलंय, पुरे. आईनं सौंदत्तीहून आणलेला यल्लम्माचा दोरा मनगटाला बांधलायस, तो सोडून दंडाला बांध, बाहीच्या आत. मी आईशी बोललोय. ती आधी फुगली, मग म्हणाली देवीला दंडपण चालतो. ड्रिलवर काम पडलं तर हातमोजे काढून ठेव. मोजे घातले की हात वाचतो असं पोरांना वाटतं, फिरत्या बिटपाशी उलटं असतं, ते मोजा धरतं आणि मोज्याबरोबर हात. पत्रा उचलताना मात्र मोजे हवेतच. डाय बसवताना रॅमखाली ठोकळा लावल्याशिवाय डोकं आत घालू नकोस, भले पाच मिनिटांचं काम असो. आणि मेन स्विचला तुझं स्वतःचं कुलूप, किल्ली तुझ्या खिशात. दुसऱ्याच्या भरवशावर नको. तुमच्याकडे त्याला लोटो म्हणतात ना? आमच्याकडे ती पद्धत मी रिटायर व्हायच्या जरा आधी आली.

ग्राइंडरचं चाक बदलताना आजीला आठव. खानापूरचं मडकं घ्यायला गेली की ती प्रत्येक मडक्यावर बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, कान लावायची, कुंभार वैतागायचा. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. चाकाचंही तेच. बसवायच्या आधी भोकात बोट घालून धर, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हलकेच ठोक, कान लाव. बद्द वाजलेलं चाक बसवायचं नाही, स्टोअरवाला काहीही म्हणो. आणि चालू केल्यावर मिनिटभर समोर उभा राहू नकोस, बाजूला हो. फुटायचं असेल तर ते पहिल्या मिनिटात फुटतं बहुतेक वेळा. चष्मा लाव. नंबरचा चष्मा आणि तो चष्मा एक नाही.

पुन्हा कमिटीची मीटिंग झाली. राहू दे.

एक मात्र मला खरंच कळत नाही, तुला सल्ला काय द्यावा. ‘काडी काढ’ म्हणणं सोपं आहे. तू काढलीस आणि बाजूच्यानं नाही काढली, तर संध्याकाळी बोर्डावर तुझे पीस कमी दिसणार. ठेकेदाराचा माणूस म्हणणार, बेळगावचं पोर ढिलं आहे. तुझी कायम व्हायची बाब पुढं ढकलणार. मी हे सगळं बघितलंय, त्या बोर्डापुढं मी उभा राहिलोय. म्हणून मी असं म्हणतो, फोरमनला एकट्याला गाठ, चहाच्या वेळी. भांडायला नको. त्याला सांग, अँटी-टायडाऊन चालत नाही, इलेक्ट्रिशियनला दाखवायला पाहिजे. काडीचं नाव काढू नकोस, मशीनचा दोष सांग, तो खराच आहे. तोंडी सांगितलंस की शिफ्टच्या वहीत लिही, तारीख घाल, आणि पानाचा फोटो काढून ठेव. तो ‘बघ की काहीतरी’ म्हणाला तर त्याला विचार, म्हणजे काय करू साहेब, नीट सांगा. तोंडानं स्पष्ट सांगायला लागलं की माणसं जरा थांबतात. मी फोरमनला हे विचारलं नाही.

आणि तरी नाहीच ऐकलं तर घरी ये. कोणी काही म्हणणार नाही. उद्यमबागेत, मच्छ्यात शेकडो वर्कशॉप आहेत, पगार कमी मिळेल, आजीच्या हातचं जेवशील. हे तुला मागं ओढायला लिहीत नाही. तू तिथं मोठा व्हावास, सेटर नव्हे, टूलरूमचा माणूस व्हावास, डाय डिझाईन करणारा, असं मला वाटतं. तुझं ड्रॉईंग माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. आयटीआयची ती फायलिंगची चौकट, तू कानशीनं घासून केलेली, कपाटात आहे. परवा मी तिला काटकोन लावून बघितला. उजेड दिसत नाही कुठंच.

रात्रपाळीचा आठवडा कधी सुरू होतोय? तीन ते पाच फार वाईट वेळ. डोळे उघडे असतात आणि माणूस नसतो. त्या वेळी उभं राहून पाणी पी, दोन मिनिटं मशीन सोड. दोन मिनिटांत किती पीस जातात ते मला सांगू नकोस.

बसूमामा काल आला होता. मी त्याला सगळं सांगितलं, तुझं पंगतीतलं बोलणंही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘हुडुगाचा नंबर कोडु.’ पोराचा नंबर दे. दिला. रविवारी सकाळी दहानंतर तो तुला फोन करणार आहे. काय बोलणार ते मला त्यानं सांगितलं नाही. त्याला नीट ऐकू येत नाही हल्ली, जरा मोठ्यानं बोल. आणि उचल.

कुंदा चार दिवसांत संपव. डबा धुऊन परत पाठव, आईचा आहे.

तुझा,
बाबा

ता. क. काढलीस का, एवढं कळव. फोन नको, नुसतं ‘काढली’ म्हणून आईच्या मोबाईलवर टाक. ती विचारेल काय काढली, तिला सांग अंगठी.